रोज बोटाखाली येणारे कीबोर्ड शॉर्टकट सांगा (याद्या नकोत!)

मुक्ता_मिरज

नमस्कार मंडळी,

मी एका पतसंस्थेत काम करते. दिवसभर एक्सेल, मधूनमधून वर्डमध्ये मराठी पत्रं आणि ब्राऊझरमध्ये पाच-सहा टॅब कायम उघडे. कॉपी, पेस्ट, सेव्ह, प्रिंट, अन्डू एवढे शॉर्टकट येतात, त्यापुढे गाडी गेलेली नाही. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा माऊसला जवळजवळ हातच लावत नाही. मार्चअखेरच्या धांदलीतही तो वेळेवर डबा उचलून घरी जातो आणि मी उशिरापर्यंत फॉर्म्युला खाली ओढत बसलेली असते.

नेटवर शोधलं की '१०१ शॉर्टकट' छापाच्या याद्या मिळतात. कॉपीच्या शेजारी भिंग सुरू करायची युक्ती, तिच्याखाली कॅलेंडर उघडायची. वाचताना भारी वाटतं, दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही. नुसत्या पाठांतराने हे येत नाही असं माझं मत झालंय.

म्हणून नियम एकच. प्रत्येकाने एकच शॉर्टकट सांगायचा, जो कुणी काढून घेतला तर तुमची चिडचिड होईल असा. कुठल्या कामात वापरता तेही लिहा.

उंबरठा

विंडोज + व्ही. कॉपी केलेल्या मागच्या २५ गोष्टींची यादी समोर येते, हवी ती निवडायची. पहिल्यांदा दाबल्यावर ही सोय चालू करायची का विचारतं, एकदा हो म्हणा. संस्थेचा पत्ता, आयएफएससी कोड असं रोज लागणारं पिन करून ठेवा, संगणक बंद करून चालू केला तरी तेवढं राहतं. विंडोज १० मध्ये हे २०१८ च्या अखेरीस आलं, तरी अजून निम्म्या ऑफिसांना पत्ता नाही.

झब्बू

आल्ट + टॅब. साहेब मागून आले की.
काम: नोकरी टिकवणे.

कट्ट्यावरची_मनी

@उंबरठा, एक सावधगिरी. पासवर्ड कॉपी केला की तोही त्या यादीत जाऊन बसू शकतो. पतसंस्थेत एका संगणकावर दोघं-तिघं बसत असतील तर जागेवरून उठताना विंडोज + एल दाबून कुलूप घाला. माझा एक शॉर्टकट हाच समजा.

टॅलीवाला_इचलकरंजी

ताई, एकावर भागत नाही हो. एक्सेलवाल्या माणसाला एकच सांग म्हणणं म्हणजे जेवणात एकच पदार्थ वाढ म्हणण्यासारखं आहे. नियम मोडतो, राग मानू नका.

तुमचं काम व्याजाचं असणार, म्हणून आधी एफ४. समजा व्याजाचा दर सी१ या एकाच सेलमध्ये आहे आणि ठेवींच्या रकमा बी५ पासून खाली. फॉर्म्युल्यात सी१ वर कर्सर असताना एफ४ दाबलं की सी आणि १ दोघांच्याही आधी डॉलर लागतो. मग फॉर्म्युला हजार ओळी खाली नेला तरी दर त्याच सेलमधून घेतला जातो. पुन्हा दाबलं की डॉलर फक्त १ ला, आणखी एकदा दाबलं की फक्त सी ला, चौथ्यांदा दोन्ही गायब. हा डॉलर हाताने टाकत बसणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

दुसरं, बेरजेसाठी आल्ट आणि बरोबरचं चिन्ह. तिसरं, आजची तारीख कंट्रोल + अर्धविराम. ही तारीख उद्या बदलत नाही. टुडेचा फॉर्म्युला टाकणाऱ्यांची पावतीवरची तारीख रोज नवी होते आणि मग ऑडिटर विचारतो. चौथं, फिल्टरसाठी कंट्रोल + शिफ्ट + एल.

टॅलीचं सांगायला बसलो तर रात्र होईल. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, आणि व्हाउचर झालं की कंट्रोल + ए. आमच्याकडची पोरं स्क्रीनकडे न बघता, बिलाच्या गठ्ठ्याकडे बघत एंट्र्या मारतात.

मुक्ता_मिरज

@टॅलीवाला, नियम मोडल्याबद्दल तुम्हाला दंड म्हणून अजून चार लिहा :)
पण माझ्या लॅपटॉपवर एफ४ दाबलं की आवाज कमी-जास्त होतो. डॉलर काही येत नाही.

उंबरठा

एफएन धरून एफ४ दाबा. रोजच लागणार असेल तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केप दाबलं की एफ-कीज कायमच्या एफ-कीज होतात. एस्केपवर छोटंसं कुलूप काढलेलं असेल तर नक्की चालेल.

कीबोर्ड_नको

मी वेगळा सूर लावतो. शॉर्टकटने 'किती वेळ वाचतो' याचा फार गाजावाजा होतो. ॲपलमध्ये इंटरफेसचं काम केलेले ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ च्या सुमारास लिहून ठेवलंय की स्टॉपवॉच लावून पाहिलं तर माऊस जलद ठरतो, आणि वापरणाऱ्यांना मात्र कीबोर्डच जलद होता असं वाटतं. त्यांचं कारण मला पटतं. कुठली की दाबायची हे आठवण्यात दोन सेकंद जातात, पण डोकं कामात गुंतलेलं असल्याने ती दोन सेकंद जाणवत नाहीत.

आणि मुक्ताताई, फॉर्म्युला खाली ओढत बसू नका. सेलच्या उजव्या कोपऱ्यात खाली जो छोटा चौकोन असतो त्यावर माऊसने दोनदा टिचकी मारा. शेजारच्या कॉलममध्ये जिथपर्यंत मजकूर आहे तिथपर्यंत फॉर्म्युला आपोआप जातो. माऊसने. बसा आता शोधत शॉर्टकट.

मुक्ता_मिरज

अरे देवा. हे आत्ता करून पाहिलं. चार हजार ओळी एका टिचकीत!! धाग्याचा विषय हुकला तरी चालेल, तुम्हाला माझ्याकडून चहा.

टॅलीवाला_इचलकरंजी

@कीबोर्ड_नको, दोन टिचक्यांची युक्ती झकास आहे, मान्य. पण शेजारच्या कॉलममध्ये मधेच मोकळा सेल असला तर जुन्या एक्सेलमध्ये तिथेच थांबायची, आणि खालच्या निम्म्या खातेदारांचं व्याज शून्य. खाली जाऊन एकदा बघून या. कंट्रोल + खालचा बाण दाबलं की शेवटी.

बाकी टॉग्नाझिनींची गोष्ट ज्याला की आठवावी लागते त्याची आहे. मी सी आणि व्ही आठवत नाही, बोटं आपोआप जातात. एफ४ चंही तसंच. महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टीला माऊस घ्या, कोण नाही म्हणतंय?

पेठेतला_पेन्शनर

आजच्या मुलांना कीबोर्ड म्हणजे काहीतरी खास विद्या वाटते याची गंमत वाटते. आम्ही सुरुवात केली तेव्हा माऊसच नव्हता.

वर्डस्टार हा १९७८ साली आलेला, मजकूर लिहायचा प्रोग्राम. त्यात कर्सर हलवायला बाण नाहीत, कंट्रोल धरून ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कीबोर्डवर या चार कीज बघा, बरोबर चौकटच्या आकारात आहेत. मजकुराचा तुकडा उचलायचा तर सुरुवातीला कंट्रोल + के, बी आणि शेवटी कंट्रोल + के, के. मग सी म्हणजे नक्कल आणि व्ही म्हणजे हलवणे. त्या काळी पुष्कळ कीबोर्डांवर कंट्रोल ही की ए च्या शेजारी, जिथे आता कॅप्स लॉक बसलाय तिथे असे. त्यामुळे करंगळी वाकडी करावी लागत नसे. कॅप्स लॉकला ती मोक्याची जागा कुणी आणि का दिली, हा माझा कायमचा प्रश्न आहे.

आता मुक्ताबाईंच्या नियमाप्रमाणे माझा एकच. एक्सेलमध्ये आल्ट, मग ई, मग एस, मग व्ही, मग एंटर. म्हणजे फॉर्म्युला टाकून नुसती किंमत चिकटवणे. हा मेन्यू २००७ साली एक्सेलमधून नाहीसा झाला, पण त्या कीज मायक्रोसॉफ्टने आमच्यासारख्यांसाठी चालू ठेवल्या आहेत. त्याहून जुनं म्हणजे एक्सेलमध्ये नुसता तिरका दांडा दाबून पहा. वरच्या पट्टीवर अक्षरं उमटतील. ती लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या प्रोग्रामवाल्यांची सोय आहे, लोटसमध्ये मेन्यू तिरक्या दांड्यानेच उघडत असे.

झब्बू

काका, वर्डस्टारमध्ये कंट्रोल + के, के, के, किरण असं काही होतं का? कृ.ह.घ्या.

पेठेतला_पेन्शनर

हलकेच घेतले. नव्हते.

पेंग्विन_पाटील

लिनक्सवाल्यांची हजेरी लावतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कंट्रोल + आर. आधी कधीतरी दिलेल्या आज्ञेतली दोन-चार अक्षरं टाइप करा, ती शोधून पुढ्यात येते. हा काढून घेतला तर मी राजीनामा देईन.

विंडोजमधून इकडे येणाऱ्यांना फुकटचा सल्ला. सवयीने कंट्रोल + एस दाबाल आणि टर्मिनल गोठेल. काहीही टाइप केलं तरी हलणार नाही. घाबरून खिडकी बंद करू नका, कंट्रोल + क्यू दाबा. टेलिटाइप यंत्रांच्या काळातला हा वारसा आहे. समोरून येणारा मजकूर थांबव आणि पुन्हा सुरू कर, असे ते दोन इशारे होते. यंत्रं भंगारात गेली, इशारे राहिले. तसंच कंट्रोल + जी दाबलं तर घंटी. पूर्वी खरोखरची घंटा वाजायची.

आणि टर्मिनलमध्ये कॉपी करायला कंट्रोल + शिफ्ट + सी. नुसता कंट्रोल + सी चाललेलं काम मारून टाकतो.

@पेन्शनरकाका, कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाका की. लिनक्सवर सेटिंगमध्ये सोय आहे, मॅकवरही आहे. मी कधीच केलंय.

सेतुबंध_वाशिम

राजेहो, आमचं काम म्हणजे दिवसभर फॉर्म. सेवा केंद्र चालवतो. निकालाचा मौसम आला की उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाईल, रांग पार रस्त्यापर्यंत. तिथं माऊस धरला तर लोकं शिव्या देतील.

टॅबनं पुढं, शिफ्ट + टॅबनं मागं. चौकटीत टिक करायची तर स्पेस. जिल्ह्याची यादी आली की माऊसनं उघडत बसायचं नाही, त्या रकान्यात गेलं की सरळ अक्षरं हाणायची. डब्ल्यू दाबलं तर वर्धा, पटकन डब्ल्यू-ए-एस दाबलं तर वाशिम. पण भाऊ, नांदेड अन् नंदुरबार आले की एन-ए-एन-डी पर्यंत दोघंही सारखेच, पाचव्या अक्षरावर फैसला. सावकाश टाइप केलं तर यंत्र प्रत्येक अक्षर नव्यानं धरते अन् तुम्ही भलत्याच जिल्ह्यात.

नावं बदलली तेव्हा तर बोटांची पंचाईतच झाली. ए-यू दाबलं की औरंगाबाद यायचं, आता सी मध्ये चंद्रपूरच्या शेजारी छत्रपती संभाजीनगर. ओ दाबलं की एकच उस्मानाबाद, आता धाराशिव अन् धुळे डी मध्ये दाटीनं. त्यात काही साइटवर यादी अजून जुनीच. मंग आधी नवं अक्षर, नाही आलं तर जुनं.

कट्ट्यावरची_मनी

सेतुबंधभाऊ, हे कुठल्याच यादीत नसतं! वाचनखूण साठवली.

तीरावरून

डब्लिनहून. ऑफिसात मॅक, घरी विंडोज. दिवसभर कमांड अंगठ्याने दाबायची आणि संध्याकाळी कंट्रोल करंगळीने. पहिली दहा मिनिटं घरचा संगणक माझं ऐकत नाही.

मॅकवर माझा एकच म्हणजे कमांड + स्पेस. काहीही उघडायचं असेल तर नावाची दोन अक्षरं आणि एंटर. विंडोजवर विंडोज की दाबून लगेच टाइप करायला लागलात तर तेच होतं, पण लोक तरीही डेस्कटॉपवर चित्रं शोधत बसतात.

मॅकवाल्यांनो, कमांड + डब्ल्यूने टॅब बंद होतो आणि शेजारच्या क्यूने अख्खा ब्राऊझर. ही शेजारशेजारची सोय करणाऱ्याला माझा साष्टांग दंडवत.

उंबरठा

त्यावर उतारा: टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी, मॅकवर कमांड + शिफ्ट + टी. बंद केलेले टॅब एकामागून एक परत येतात. खासगी खिडकीतले मात्र येत नाहीत, ते गेले ते गेले.

निळाई

धागा कालपासून वाचते आहे, आता लिहितेच. 'वाचते' म्हणजे ऐकते. मला दिसत नाही. बँकेत नोकरी करते आणि संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकेल करन आणि जेम्स तेह यांनी, हा प्रोग्राम उभा केला. २००६ साली काम सुरू झालं. तो फुकट आहे. त्याआधीचे चांगले स्क्रीन रीडर एवढे महाग होते की नोकरी लागेपर्यंत घेता येत नसत आणि ते असल्याशिवाय नोकरी लागत नसे.

माऊस जलद की कीबोर्ड, यावर माझं काहीच मत असू शकत नाही. माऊसचा बाण कुठे आहे हेच मला कळत नाही. पण काम कसं चालतं ते सांगते, कारण त्यातलं बरंच तुम्हालाही उपयोगी पडेल.

वेबपेज उघडलं की तुम्ही डोळ्याने एक नजर टाकता. मी एच दाबते. दर वेळी पुढचं शीर्षक वाचलं जातं. के दाबलं की पुढचा दुवा, बी म्हणजे बटण, ई म्हणजे लिहायची चौकट, टी म्हणजे तक्ता. तक्त्यात शिरल्यावर कंट्रोल + आल्ट आणि बाणांनी एकेक घर हिंडायचं. इन्सर्ट + एफ७ दाबलं की पानावरचे सगळे दुवे आणि शीर्षकं एका यादीत. सवय झाली की एखादं मोठं पान मी तुमच्याइतक्याच वेळात चाळते, कारण आवाजाचा वेग मी इतका वाढवलेला असतो की शेजारच्या टेबलावरच्यांना नुसती कुरकुर ऐकू येते. नको तेव्हा बोलायला लागलं की नुसता कंट्रोल. गप्प. माझा धाग्यापुरता एकच शॉर्टकट म्हणाल तर तो.

हे सगळं साइट बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. शीर्षक नुसतंच ठळक आणि मोठं केलेलं असेल, शीर्षक म्हणून नोंदवलेलं नसेल, तर माझ्या एच ला ते सापडतच नाही. बटणाला नाव दिलेलं नसेल तर मला फक्त 'बटण', 'बटण', 'बटण' ऐकू येतं. त्यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं?

सेतुबंध, तुम्ही टॅबने फॉर्म भरता म्हणून विचारते. काही साइटवर टॅब दाबला की नावावरून थेट पिनकोडवर आणि तिथून परत जन्मतारखेवर, असं होतं ना?

सेतुबंध_वाशिम

होतं ना ताई! आम्ही त्याले 'बेडूक साइट' म्हणतो. तारखेचा रकाना तर काही ठिकाणी टाइपच करू देत नाही, छोट्या कॅलेंडरमधून माऊसनंच निवडायची. आजोबांची जन्मतारीख १९४६ ची, अन् कॅलेंडर महिन्या-महिन्यानं मागं जाते. तुमी काय करता मंग?

निळाई

कुणालातरी हाक मारते. फॉर्ममधलं बाकी सगळं मी स्वतः भरलेलं असतं आणि तेवढ्या एका तारखेसाठी दुसऱ्याला बोलवायचं. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणणारी चौकट आली की पुन्हा तेच. ऐकायची सोय असते कुठे कुठे, बऱ्याच ठिकाणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा सेवा आम्हालाही वापरता याव्यात अशी तरतूद आहे.

पण एक चांगलं सांगते. पुष्कळ सरकारी साइटवर पान उघडल्याबरोबर पहिलाच टॅब दाबला तर 'मुख्य मजकुराकडे जा' असा दुवा येतो. एंटर मारा, वरचे सगळे मेन्यू ओलांडून थेट कामाच्या जागी. तो आमच्यासाठी ठेवलेला असतो, पण डोळस लोकांना मनाई नाही.

सेतुबंध_वाशिम

आत्ता दोन साइटवर पाहिलं. एकीवर चाललं, एकीवर नाही. जिथं चाललं तिथं पंधरा टॅब वाचले राजेहो! इतकी वर्षं कोणी सांगितलंच नाही.

कीबोर्ड_नको

निळाई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा आयडी जरा ओशाळला आहे. वेगाबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण वेग हा एकच प्रश्न नाही हे मान्य. मी काही साइटी बनवतो. त्यातली एक आज माऊस काढून ठेवून वापरून पाहणार आहे.

मनगट_सांभाळा

फिजिओथेरपिस्ट आहे. वर कुणीतरी करंगळीचा उल्लेख केला, तो धागा पकडते. माझ्याकडे संगणकवाले लोक दोन तक्रारी घेऊन येतात. एक माऊसवाल्यांची, मनगट आणि खांदा. दुसरी शॉर्टकटवाल्यांची, करंगळी आणि अंगठ्याच्या बुडाशी दुखणं. दुसरी कारण एकाच हाताने कंट्रोल, शिफ्ट आणि अक्षर असं तीन बोटांचं आसन करतात.

कीबोर्डवर कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट साधारणपणे दोन्ही बाजूंना असतात, कशासाठी? अक्षर डाव्या हाताला असेल तर कंट्रोल उजव्या हाताने धरा. टायपिंगच्या क्लासमध्ये शिफ्टबद्दल हेच शिकवायचे. आणि दोन्हीत आलटून पालटून काम करा, एकाच प्रकारचा ताण दिवसभर नको.

पेठेतला_पेन्शनर

क्लासमध्ये अक्षरशः पट्टी मारून शिकवायचे. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. अजून झोपेत येतं.

दोन हातांवरून आठवलं. कंट्रोल + आल्ट + डिलीट हे त्रिकूट आयबीएममधल्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पहिल्या पीसीसाठी ठरवलं. आधी त्यांनी डिलीटऐवजी एस्केप घेतली होती, पण तिन्ही कीज डाव्या हाताजवळ, चुकून दाबल्या जायची भीती. दाबलं की संगणक नव्याने सुरू, कामाचा चट्टामट्टा. म्हणून मुद्दाम दोन हात लागतील अशी जोडी केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ते विंडोजच्या लॉगिनला वापरलं, आणि २०१३ साली बिल गेट्सनीच जाहीरपणे म्हटलं की ते करायला नको होतं, एका बटणात भागलं असतं.

झब्बू

जाता जाता, आमच्या जुन्या ऑफिसात कंट्रोल + आल्ट + खालचा बाण दाबला की स्क्रीन उलटी व्हायची. काही ग्राफिक्स कार्डांची सोय होती. नवीन माणसाच्या संगणकावर दाबून ठेवायचं. एकजण मॉनिटरच उलटा करून ठेवायच्या बेतात होता. वरचा बाण दाबला की सरळ.

अक्षरजुळणी

डीटीपीचं काम करते. मुक्ता, मराठी पत्रांचा तू उल्लेख केलास आणि त्याबद्दल कुणीच बोललं नाही. विंडोज + स्पेसने इंग्रजी-मराठी कीबोर्ड बदलतो. मराठी कीबोर्ड चालू असतानाही कंट्रोल + सी वगैरे त्याच कीजवर चालतात, परत इंग्रजीत यावं लागत नाही.

इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिकून घे असा माझा आग्रह आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट धरून ख. आय वर ग, शिफ्ट धरून घ. हलन्त डी वर. लोक विचारतात 'दऱ्या', 'वाऱ्या' मधला तो अर्धा र कसा काढायचा. शिफ्ट + जे ने ऱ, मग डी, मग तिरक्या दांड्यावरचा य. झालं. ज्यांना नवीन मांडणी शिकायची नाही त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून फोनेटिकही आहे, इंग्रजी स्पेलिंग टाइप करायचं आणि मराठी उमटतं.

आणि जुन्या फायलींबद्दल. संस्थेची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची इतिवृत्तं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर कंट्रोल + एफ करून 'लाभांश' शोधलंस तर सापडणार नाही. पडद्यावर मराठी दिसत असलं तरी फायलीत आत भलतीच इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील. निळाईच्या स्क्रीन रीडरलाही ती तशीच वाचता येत नसणार.

निळाई

अगदी. त्या फायली वाचायला लावल्या की 'स्लॅश, कॅपिटल एफ, डॉलर' असं काहीबाही ऐकू येतं.

पेंग्विन_पाटील

अवांतर: अख्ख्या धाग्यात एकच शॉर्टकट सांगायचा नियम फक्त झब्बू आणि मनीने पाळलाय.

झब्बू

आणि मी तर स्क्रीन उलटी करून तोही मोडला.

मुक्ता_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळे शिकायचा आव आणत नाही. एफ४, विंडोज + व्ही आणि कंट्रोल + अर्धविराम हे तीन चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवले आहेत, हे बोटात बसले की पुढचे. दोन टिचक्या तर लगेच जमल्या. इनस्क्रिप्ट मेमध्ये, मार्चमध्ये नको! जुन्या इतिवृत्तांचं ऐकून मात्र पोटात गोळा आलाय, कपाटभर आहेत.

शेवटचा प्रश्न. रुपयाचं चिन्ह कसं काढायचं? की वर छापलेलं आहे, पण दाबून काही येत नाही.

टॅलीवाला_इचलकरंजी

तुमचा कीबोर्ड 'इंग्रजी अमेरिका' वर असणार. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'इंग्रजी भारत' जोडा, मग कंट्रोल + आल्ट + ४, किंवा उजवीकडचा आल्ट + ४. हे चिन्ह सरकारने २०१० मध्ये स्वीकारलं, त्याआधीचे फॉन्ट वापरत असाल तर त्याच्या जागी चौकोन दिसेल.

अक्षरजुळणी

वर्डमध्ये कीबोर्ड न बदलताही येतं. २०बी९ असं इंग्रजीत टाइप करा आणि लगेच आल्ट + एक्स. त्याचं ₹ होतं.

कट्ट्यावरची_मनी

पण पासबुकावर छापणार असाल तर आधी एक कोरं पान घालून बघा. जुन्या पासबुक प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरसंचात हे चिन्ह नसतं, तिथे प्रश्नचिन्ह किंवा भलतंच काहीतरी उमटतं आणि खातेदार काउंटरवर येऊन विचारतो. आम्ही तिथे 'रु.' च ठेवलंय.

मुक्ता_मिरज

बघते. आमचा प्रिंटर तर माझ्याहून सिनियर आहे.